माळव्याला माळवंच म्हण

या वेळचं पत्र मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारी मुलगी १६ वर्षांची, अकरावी विज्ञानला आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून तिचं म्हणणं थोडक्यात देते.

गावालगत एका संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं शिबिर झालं, त्यात हिचा आवाज आणि गाण्यांची जाण तिथल्या लोकांना आवडली. महिन्याभरात, दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, तासाभराचा नवा गाण्यांचा कार्यक्रम सुरू होतोय. तो हिनं सादर करावा असं ते म्हणतात. ती लिहिते: ‘ताई, मला रात्री झोप येत नाही एवढा आनंद झालाय. पण माझं बोलणं गावठी आहे. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, रेडिओवर “करायलोय, जायलोय” चालत नसतं. केंद्रातले दादा म्हणतात, तरुणांसाठी नवी हिंदी गाणी आणि रॅप लाव. मला ते आवडतंच, पण आजीच्या जात्यावरच्या ओव्यापण आवडतात. त्या लावल्या तर मैत्रिणी हसतील. आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल असताना रेडिओ ऐकणार कोण? पप्पा म्हणतात, बारावी आणि नीटची परीक्षा होईपर्यंत नाव काढू नको. आई म्हणते, पोरीचा आवाज गावभर गेला की लोक नावं ठेवतात. मी नाही म्हणून सांगू, का दुसरं नाव घेऊन गुपचूप करू?’

पोरी,

तू शेवटी विचारलेलं मी आधी घेते. दुसरं नाव घेऊन, घरी न सांगता हे करू नकोस. सामुदायिक रेडिओच्या प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॉटपर्यंतच असते. उघड्या माळावर त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला तर तेवढाही जात नाही. म्हणजे तुझे सगळे श्रोते पंचक्रोशीतले. त्यात तुझी चुलती आहे, शाळेतल्या बाई आहेत, वह्यांचा दुकानदार आहे. तू नुसतं ‘नमस्कार’ म्हटलंस तरी कुणीतरी म्हणणार, ही तर अमक्याची पोरगी. मग पप्पांना ते चहाच्या टपरीवर कळेल, आणि त्यानंतर तू कितीही खरं बोललीस तरी ऐकून घ्यायला ते तयार नसतील. दुसरं म्हणजे, सोळा वर्षांच्या मुलीला आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय माइकपुढं बसवायला जे केंद्र तयार होईल, तिथं मी स्वतःच तुला जाऊ देणार नाही. तुमच्या केंद्रानं संमतिपत्र मागितलंय का ते पत्रात नाही. मागितलं नसेल तर तू होऊन विचार.

आता बोलण्याचं.

मी बरीच वर्षं एका रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदिका होते. सुरुवातीला माझ्याकडं श्रोत्यांची पत्रं वाचायचं काम होतं. एका बाईंनी पोस्टकार्डावर लिहिलं होतं की त्या पहाटे माळवं घेऊन बाजारला निघतात, तेव्हा शेजारच्या घरातून आमचा कार्यक्रम ऐकू येतो. मी वाचताना ‘माळवं’चं ‘भाजीपाला’ केलं. मला वाटलं, मी त्यांचं पत्र नीटनेटकं करून दिलं. पंधरा दिवसांनी त्यांचं दुसरं कार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या: ‘मी माळवं लिहिलं होतं. तुम्ही दुसऱ्या कुणाचं पत्र वाचलं का?’ ते कार्ड मी अजून ठेवलंय. ‘माळवं’ या शब्दावर पाण्याचा थेंब पडून शाई फुटलेली आहे, बाकी सगळं स्पष्ट आहे. तिला स्वतःचं पत्र रेडिओवर ओळखू आलं नव्हतं, आणि ते मी केलं होतं.

तुझ्या मामेभावाचं म्हणणं कुठून आलं तेही समजून घे, तो काही वाईट मनानं बोलत नाही. आकाशवाणीच्या मोठ्या केंद्राचा आवाज कित्येक जिल्ह्यांत जायचा. परभणीचा कार्यक्रम नांदेडला लागायचा, हिंगोलीला लागायचा. मग सगळ्यांना कळेल अशी एक सारखी भाषा तिथं ठरत गेली, आणि ते त्या कामाला धरून होतं. सामुदायिक रेडिओ निघाला तो वेगळ्या कारणानं. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टानं १९९५ साली दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी छोटी केंद्रं चालवायची वाट मोकळी झाली. त्या २००६ च्या धोरणातच लिहिलंय की निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत. तुझं ‘करायलोय’ दिल्लीच्या कागदावर मंजूर होऊन बसलंय. मामेभावाला हे सांग, आणि पुढच्या सुट्टीत तो आला की त्याला केंद्रावर घेऊन जा.

उदगीरहून बिदर ओलांडून पुढं गेलं की तेलंगणात झहीराबाद लागतं. तिथल्या माचनूर गावात २००८ पासून संघम रेडिओ चालू आहे, आणि तो गावातल्या दलित शेतकरी बाया चालवतात. परवानगी यायला वर्षानुवर्षं लागली. तोवर त्या कॅसेटवर कार्यक्रम भरायच्या आणि गावोगावच्या बैठकांत नेऊन ऐकवायच्या. त्या घरात, बांधावर जी तेलुगू बोलतात तीच माइकवर बोलतात. एकेकाळी आपण आणि ते एकाच निजामाच्या राज्यात होतो. त्या काळी हैदराबादबरोबर आपल्या औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होतं, हे आता फार जणांच्या लक्षात नाही. तुझ्या गावात आज जे घडतंय त्याला मागं एवढी वाट आहे, म्हणून सांगितलं.

एक धोका मात्र आहे. काही पोरं रेडिओवर गावाकडचं बोलतात ते हसवण्यासाठी. हेल मुद्दाम लांबवायचा, शब्द वाकडे करायचे. घरातली माणसं तसं बोलतच नाहीत. तू आजीशी बोलतेस तसं बोल, त्यात भर घालू नकोस आणि काढूही नकोस. ‘न’ आणि ‘ण’वरून कुणी टोकलं तर फार मनावर घेऊ नकोस. पण वाक्याचा शेवटचा शब्द गिळायची सवय असेल तर ती मोड, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तेच ऐकू आलं नाही तर माणसाला काय झालं ते कळत नाही. रोज दहा मिनिटं पेपर मोठ्यानं वाच आणि मोबाइलवर भरून ऐक. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज परका वाटेल. सगळ्यांना वाटतो. (ज्या मुलांचा आवाज सध्या फुटतोय आणि ज्यांनी मला अशाच अर्थाचं लिहिलंय, त्यांनाही हेच सांगते: आवाज बसेपर्यंत थांबायची गरज नाही. छोटी वाक्यं बोला आणि चढ्या पट्टीत जाऊ नका.)

रेडिओ ऐकणार कोण, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि त्याचं उत्तर तुलाच शोधून काढावं लागेल. तालुक्याचा नकाशा घे. कंपासपेटीतलं कर्कटक काढ, केंद्रावर टोक रोव आणि नकाशाच्या प्रमाणात बारा किलोमीटरचं वर्तुळ मार. साडेचारशे चौरस किलोमीटर भरतात. त्या वर्तुळात येणारं प्रत्येक गाव, वाडी, तांडा, वस्ती वहीत लिहून काढ. मग चार रविवार त्यातल्या चार ठिकाणी जा, एकटी नको, आईला नाहीतर मैत्रिणीला घेऊन. ‘तुम्ही रेडिओ ऐकता का’ असं विचारू नकोस, लोक बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. ‘काल संध्याकाळी सात वाजता तुम्ही काय करायलते’ असं विचार. कुणी भाकरी थापत होतं, कुणी धार काढत होतं, कुणी शिलाई मशीनवर होतं, कुणी क्लासवरून सायकलवर घरी येत होतं. ज्यांचे हात कामात आहेत आणि कान मोकळे आहेत, ते तुझे श्रोते. पडद्याकडं बघायला ज्यांना सवड आहे ते रेडिओकडं येणार नाहीत, आणि त्यांच्या मागं धावूही नकोस. कदाचित असंही कळेल की सातची वेळच चुकीची आहे. मग वही घेऊन दादांकडं जा आणि वेळ बदलून माग. सोळा वर्षांच्या पोरीनं चार गावांची माहिती पुढं ठेवली तर कुठलंही शहाणं केंद्र ऐकेल.

आणि हो, मोबाइलचीही माहिती काढ. साध्या बटणाच्या फोनमध्ये बहुतेक वेळा एफएम असतं, पण वायरचा इयरफोन लावावा लागतो, ती वायरच अँटेनाचं काम करते. नव्या कित्येक फोनमध्ये एफएमची सोयच नसते. हे लोकांना ठाऊक नसतं आणि ते ‘स्टेशन लागत नाही’ म्हणून सोडून देतात. पहिले चार कार्यक्रम, दर वेळी वीस सेकंदांत, हे सांगत जा.

गाण्यांबद्दल तुझी आणि दादांची ओढाताण चालली आहे असं तुला वाटतंय. पण ‘नवा गाण्यांचा कार्यक्रम’ यातला ‘नवा’ हा शब्द नेमका कशाला लागतो? दादांनी तो गाण्यांना लावला. मी तो कार्यक्रमाला लावीन. कालपरवा आलेलं हिंदी गाणं तुझ्या वर्तुळातल्या प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये तुझ्या आधी पोहोचलेलं असतं. ते तू लावलंस तर वाईट काही नाही, लोकांना ओळखीचं ऐकायला आवडतं, पण त्यासाठी तुझी गरज नव्हती. शेजारच्या गावातला बारावीचा मुलगा दुष्काळावर रॅप करतो, ते त्यांना माहीत नसतं. आपल्याच गावातल्या गोंधळ्याच्या घरी संबळ कसं तापवतात, तुणतुण्याची तार कशी लावतात, ते ऐकलेलं नसतं. हे त्यांच्यासाठी खरं नवं आहे.

मराठवाड्यात तर कानाला काय कमी आहे? तुळजापूर आणि माहूरचा गोंधळ आहे. पैठणच्या नाथांची भारुडं आहेत. खुलदाबादच्या उरुसातली कव्वाली आहे. होळीला बंजारा तांड्यावर रात्रभर लेंगी चालते. माळेगावच्या जत्रेत वाघ्या-मुरळी गातात. १४ एप्रिलच्या आधीचा आठवडाभर वस्तीवस्तीत भीमगीतांची तालीम चाललेली असते. हे सगळं एका रविवारी कोंबू नकोस. एका कार्यक्रमात एकच गोष्ट धर, ती करणाऱ्या एका माणसाशी पाच मिनिटं बोल, आणि त्याच्या आजूबाजूला तुमच्या आवडीची चालू गाणी लाव.

ओव्यांना मैत्रिणी हसतील, असं म्हणतेस. कदाचित हसतील. पण त्यांना आधी रॅप ऐकव आणि लगेच ओवी ऐकव, मध्ये काही न बोलता. एक बीटवर बसवलेला आहे, दुसरी जात्याच्या फेऱ्यावर. दोन्हीत यमक आहे, दोन्हीत स्वतःचं दुखणं आहे. हेमा राईरकर, गी प्वातवाँ या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये ते बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात आले, तेव्हा तिथल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या होत्या. सासर-माहेर, पंढरीची वारी, आणि त्याच चालीत आंबेडकर. म्हणजे आपल्या आज्यांनीही जुन्या चालीत त्यांच्या काळातलं सगळ्यात नवं भरलं होतं. मैत्रिणींना हे सांगायची गरज पडणार नाही, गाणी शेजारी शेजारी ठेवलीस की ऐकू येईल.

गाणी कुठून आणायची ते नीट ठरव. यूट्यूबवरून उतरवून लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नकोस. सिनेमाची आणि कंपन्यांची गाणी वाजवायला केंद्राला हक्काचे पैसे भरावे लागतात. तुमच्या केंद्राकडं कोणत्या गाण्यांची परवानगी आहे त्याची यादी माग आणि त्यातूनच निवड. गावातल्या पोरांचं गाणं लावायचं तर त्यांच्याकडून एका कागदावर लेखी परवानगी घे, आणि फाइल व्हॉट्सअॅपवर साध्या ऑडिओसारखी न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागव किंवा पेनड्राइव्हवर घे, नाहीतर आवाज दबून येतो. परंपरेनं आलेल्या ओवीला कुणी मालक नसतो, पण ती गाणाऱ्या बाईचा तिच्या गाण्यावर हक्क असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हा हक्क ५० वर्षांचा आहे आणि तिच्या संमतीवाचून ते रेकॉर्ड करता येत नाही. ‘म्हातारी माणसं आहेत, त्यांना काय विचारायचं’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस.

नकाशाच्या वहीतच आणखी एक रकाना ओढ. कोणत्या रविवारी कोणत्या वस्तीचं गाणं लागलं, ते लिहीत जा. आपल्या गावांत स्पीकर असतात पुष्कळ, पण एका आळीचा स्पीकर दुसऱ्या आळीसाठी लावलेला नसतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन महिन्यांनी तो रकाना वाच. एखाद्या वस्तीचं, तांड्याचं, मोहल्ल्याचं नाव त्यात एकदाही आलं नसेल तर पुढचा रविवार त्यांचा. आणि त्यांचं गाणं फक्त जयंतीला, उरुसाला, होळीलाच लावू नकोस. जूनमधल्या एखाद्या साध्या रविवारीही लाव.

फर्माईश घेणार असशील तर सावध राहा. मी हे डोळ्यांनी बघितलंय: एक पोरगा गाणं मागतो आणि सोबत एका मुलीचं नाव घेतो, निवेदिका ते हसत हसत वाचते, आणि त्या मुलीची शाळा बंद होते. फर्माईश वाचताना मागणाऱ्याचं नाव आणि गाव, एवढंच. ‘खास अमकीसाठी’ हे माइकवर येता कामा नये, मग ते कितीही निरागस दिसो. आजोबांनी नातवासाठी मागितलं तर ती गोष्ट वेगळी, आणि तो फरक तुला कळेल.

पप्पांकडं येते. तुझ्या पत्रात त्यांच्यासाठी एकच ओळ आहे, आणि ती तू रागात लिहिलीस असं मला जाणवलं. त्यांची बाजू थोडी मांडते. मुलाला लातूरला ठेवून क्लास लावायचा म्हणजे खोलीभाडं, मेस आणि फी. सोयाबीनचा भाव पडला तरी हे आकडे कमी होत नाहीत. ते सध्या नीटच्या १८० प्रश्न आणि ७२० गुणांच्या हिशोबात जगतायत. त्यांच्याशी तू ‘माझी आवड’, ‘माझं स्वप्न’ असं बोललीस तर त्यांना ते खर्चाच्या खात्यात दिसेल. तासांच्या भाषेत बोल, आणि खरे तास सांग. ‘रविवारचा एकच तास तर आहे’ हे खोटं आहे. एका तासाच्या कार्यक्रमाला सुरुवातीला आठ-दहा तास सहज जातात: गाणी शोधणं, माणसाला भेटणं, लिहिणं, भरणं, कापणं. दर आठवड्याला एवढे तास देणं अकरावी विज्ञानच्या मुलीला झेपणार नाही. इथं माझं मत पप्पांच्या बाजूनं आहे.

म्हणून मला सुचतं ते असं. दादांना सांग की कार्यक्रम अर्ध्या तासाचा करू. थेट सादर करण्याऐवजी आधी भरून ठेवू, महिन्यातून दोन रविवारी सकाळी, एका बैठकीत दोन भाग. सोबतीला दुसरी एक मुलगी घेऊ, शक्यतो दुसऱ्या वस्तीतली. तुझी चाचणी असेल त्या आठवड्यात ती सांभाळेल, आणि तिच्या आवाजानं कार्यक्रमालाही दुसरी बाजू मिळेल. आणि सुरुवातीला फक्त १३ भाग. आकाशवाणीत तिमाहीचा हिशोब असतो, १३ आठवड्यांचा, तोच धर. तेरा भाग झाले की थांबायचं आणि गुणपत्रिका समोर ठेवून घरात बसून ठरवायचं. बारावीच्या वर्षात कार्यक्रम बंद, किंवा जुनेच भाग पुन्हा. हे सगळं कागदावर लिहून पप्पांपुढं ठेव, तोंडी नको. कोणत्या रविवारी केंद्रावर, किती ते किती, आणि तो वेळ अभ्यासाच्या कोणत्या तासातून न घेता मोबाइलच्या कोणत्या तासातून घेतला, तेही लिही. मग त्यांना एकदा केंद्रावर ने. रात्रीच्या पाळीची लाइट आली की मोटार चालू करून बांधावर रेडिओ लावून बसलेली एक पिढी आपल्याकडं आहे. तुझे पप्पा त्यातले असतील तर त्यांना विचार, तेव्हा काय ऐकायचात. विचारायचं ते पटवण्यासाठी म्हणून नको. तुला ते खरंच माहीत असायला हवं, तू आता रेडिओवाली होणार आहेस.

एवढं करूनही ते नाही म्हणाले तर? मग या वर्षी त्यांच्याशी भांडू नकोस. दादांकडून एकच विशेष भाग माग, दिवाळीच्या सुट्टीतला, आणि तो मन लावून कर. बाकी माणसं शोधणं, आज्यांची गाणी भरून ठेवणं, हे काम सुट्टीत होत राहील आणि वाया जाणार नाही. तुझ्या आवाजाला दोन वर्षांनी काही होत नाही. गाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं मात्र तसं नाही, म्हणून आधी त्यांचं भरून ठेव.

आईचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. लोक नावं ठेवतात. मलाही ठेवली होती, आणि माझ्या आईला ती विहिरीवर ऐकावी लागली होती, मला नाही. तेव्हा आईला ‘तू जुन्या विचारांची’ असं म्हणू नकोस. तिला विचार की नेमकी भीती कशाची. येण्याजाण्याची असेल तर रेकॉर्डिंग दिवसा ठेव आणि पहिल्या काही वेळा तिला सोबत ने. फोनची असेल तर स्वतःचा नंबर कधीच, कुणालाही, माइकवर देऊ नकोस. केंद्राचा नंबर द्यायचा आणि तो मोठ्या माणसानं उचलायचा. आडनाव आणि गल्ली सांगायची गरज नाही, पहिलं नाव पुरे. कुणी वाकडं बोललं, केंद्रातला असो की बाहेरचा, तर त्याच दिवशी घरी सांगायचं, हे आईशी आधीच ठरवून ठेव. बहुतेक मुली घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की कार्यक्रमच बंद होईल अशी भीती असते. म्हणून आईकडून तेवढा शब्द आधी घे: मी सांगितलं तर तू त्या माणसाचं बघशील, माझं बंद करणार नाहीस.

केंद्रातल्या तांत्रिक गोष्टी दादा शिकवतीलच, दोनच सांगते. माइक तोंडापासून वीतभर लांब, आणि तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची हवा त्यावर आदळत नाही. तोंडापुढं तळहात धरून ‘पप्पा, फुलं, पाऊस’ म्हणून बघ, हवा कुठं लागते ते कळेल. आणि अर्ध्या तासात पाच गाणी धरली तर बोलायला जेमतेम सात-आठ मिनिटं उरतात. म्हणजे गाण्यागाण्यामध्ये एक-दीड मिनिट, शंभर-दीडशे शब्द. ते आधी लिहून काढ, मोठ्यानं वाच, आणि ज्या वाक्यावर अडखळशील ते वाक्य बदल.

राहिली आजी. तिला केंद्रावर खुर्चीत बसवून माइक पुढं धरलास तर तिला ओवी आठवणार नाही. ‘काय की मायं, इसरले’ म्हणेल. ती ओवी हाताला येते, मग तोंडाला. घरात जातं असेल तर ते मांड, मूठभर ज्वारी घाल, तिचा हात खुंट्यावर ठेव आणि तू समोरून धर. पंखा बंद कर, पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी तडतडतं म्हणून सकाळी बस, सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत. रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नकोस, जात्याची घरघर त्यात घुसते. वाकळेची घडी घालून त्यावर ठेव. पहिले पाच-दहा फेरे काही येणार नाही. बोलू नकोस, ओढत राहा.

भरून झालं की लावण्याआधी ते तिला एकदा पूर्ण ऐकव. ओव्यांत माणसं असतात. न आलेला भाऊ असतो, टाकून बोललेली जाऊ असते, आणि तुझ्या वर्तुळात त्यांची लेकरंबाळं राहतात. ऐकताना ती एखाद्या ठिकाणी म्हणेल, ‘एवढी नको लावू.’ ती ओवी चालीला कितीही गोड असली तरी काढून टाक, आणि कामून म्हणून विचारू नकोस.

— तुझी ताई